घरच्या ग्रंथसंग्रहासाठी कोणते डेटाबेस सॉफ्टवेअर निवडावे?

प्रश्न : माझ्या घरी सुमारे ४,००० पुस्तके आहेत. त्यांची यादी मी एक्सेलमध्ये ठेवली असून पुस्तकाचे नाव, लेखक, दुसरा लेखक, प्रकाशक, वर्ष, आयएसबीएन, विषय, कपाट, कोणाला दिले, कधी दिले, फोन असे रकाने तिच्यात आहेत. आता ही यादी आवरेनाशी झाली आहे. एकाच लेखकाचे नाव चार तऱ्हांनी पडले आहे, आणि मध्यंतरी एकटाच रकाना सॉर्ट झाल्याने कोणते पुस्तक कोणाचे हेच कळेनासे झाले होते. ओळखीच्या एका अभियंत्यांनी पोस्टग्रेएसक्यूएल घ्या असे सांगितले, मैत्रिणीने मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस सुचवले, आणि मुलगा म्हणतो की लिबरऑफिस मोफत आहे, त्यातले बेस वापर. माझा लॅपटॉप विंडोजचा आहे, मुलाचा मॅक आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण शिकायची तयारी आहे. ही यादी माझ्यानंतरही कोणाला तरी वापरता यावी अशी इच्छा आहे. मी काय घ्यावे?

उत्तर : आपल्या पत्रात तीन सॉफ्टवेअरची नावे आली आहेत, पण निवड ज्यावरून ठरायला हवी ते वाक्य अगदी शेवटी आले आहे : ही यादी आपल्यानंतरही वापरता यावी. ४,००० पुस्तकांच्या नोंदी ठेवणे यांपैकी कोणत्याही सॉफ्टवेअरला जड नाही. म्हणून त्यांतले अधिक समर्थ कोणते, यापेक्षा ते सॉफ्टवेअर उद्या बंद पडले, परवडेनासे झाले किंवा नव्या संगणकावर चालेनासे झाले तर त्यातली माहिती धडपणे बाहेर कशी काढता येईल, हा प्रश्न आधी विचारावा असे मला मनापासून वाटते. या कसोटीवर माझे उत्तर असे आहे की, माहिती एसक्यूलाइट या मोफत डेटाबेसच्या फाईलमध्ये ठेवावी, ती फाईल हाताळण्यासाठी ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे, आणि पुढे कधी नोंदी भरण्यासाठी नेटका फॉर्म हवासा वाटला तर तो त्याच फाईलला जोडून वेगळा तयार करावा.

एक्सेल सोडण्याची खरोखर गरज आहे का, हे आधी पाहू. कारण पुष्कळांना ती नसते. एकच तक्ता असेल, तो एकच माणूस भरत असेल आणि प्रत्येक ओळ स्वतःपुरती पूर्ण असेल, तर स्प्रेडशीट हे उत्तम साधन आहे आणि केवळ हौसेखातर ते सोडू नये. आपल्या यादीचे तसे राहिलेले नाही. एकाच रकान्याचे सॉर्टिंग होऊन नोंदी विस्कटल्या, हा केवळ आपल्या हाताचा दोष नव्हता. एका ओळीतल्या सगळ्या चौकटी मिळून एक नोंद होते, ही गोष्ट स्प्रेडशीटला मुळात ठाऊकच नसते. डेटाबेसमध्ये नोंद अखंड असते, त्यामुळे ती कोणत्याही क्रमाने पाहिली तरी तिचे तुकडे होत नाहीत. स्प्रेडशीटची दुसरी खोड म्हणजे आपण टाइप केलेले तिला जसे वाटेल तसे बदलून ठेवणे. जनुकांची काही नावे महिन्यांच्या इंग्रजी नावांसारखी दिसत असल्याने एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. संशोधकांच्या तक्त्यांत त्यामुळे इतक्या चुका शिरल्या की जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नामकरणाचे नियम बदलले आणि अशी नावे बदलून घेतली. आपल्या यादीत हाच प्रकार आयएसबीएनच्या बाबतीत झाला असण्याची दाट शक्यता आहे. २००७ पूर्वीचा आयएसबीएन दहा स्थानांचा असे, तो शून्याने सुरू होऊ शकतो आणि त्याचा शेवट रोमन एक्स या अक्षराने होऊ शकतो. एक्सेल त्याला संख्या समजते आणि पुढचे शून्य गाळून टाकते. तेरा आकडी नवे क्रमांक अनेकदा घातांकाच्या रूपात दिसू लागतात. स्थलांतर करण्यापूर्वी हा रकाना एकदा डोळ्यांखालून घालावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ज्याला आपण सरसकट डेटाबेस सॉफ्टवेअर म्हणतो त्यात खरे तर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे माहिती साठवणारे आणि तिचे नियम पाळून घेणारे इंजिन, आणि दुसरी म्हणजे आपल्याला पडद्यावर दिसणारे फॉर्म, याद्या, शोधाच्या चौकटी आणि छापील अहवाल. ॲक्सेसमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, बेसमध्येही बहुतांशी तसेच आहे. पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइट ही मात्र केवळ इंजिने आहेत. पुस्तकाची बांधणी झिजली की ती नवी करता येते आणि आतली पाने तीच राहतात. आपल्या यादीचेही तसेच असावे, म्हणजे पडद्यावरचे रूप दर काही वर्षांनी बदलले तरी मूळ साठ्याला हात लावावा लागू नये. दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या एकाच फाईलमध्ये घट्ट बांधल्या गेल्या की ही मोकळीक जाते.

ही भीती काल्पनिक नाही. ज्यांनी १९९० च्या दशकात संगणकाचे वर्ग केले त्यांना डीबेस आणि फॉक्सप्रो ही नावे आठवत असतील. त्या काळी कार्यालयीन कामांसाठी ही डेटाबेस सॉफ्टवेअर सर्रास वापरली जात. फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतली, व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिला मिळणारे साहाय्यही संपले. त्यात लिहिलेले फॉर्म आणि अहवाल आज चालवणे कठीण जाते. मात्र या कथेची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. डीबेसने रूढ केलेली डीबीएफ ही फाईल आजही लिबरऑफिसमध्ये सहज उघडते, कारण तिची रचना साधी होती आणि ती सर्वांना माहीत होती. डीबेस बनवणारी ॲश्टन-टेट ही कंपनी १९९१ मध्ये बोर्लंडकडे गेली, पण त्या फाईलींतली माहिती टिकली. आपल्यानंतर यादी उघडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कंपनीच्या नावलौकिकापेक्षा फाईलच्या रचनेचा हा उघडेपणा कामाचा असतो.

एसक्यूलाइटची शिफारस मी याच कारणासाठी करतो. रिचर्ड हिप यांनी ते २००० मध्ये तयार केले आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, सार्वजनिक मालकीचा म्हणून खुला केला, म्हणजे त्यावर कोणाचाही परवाना लागत नाही. संपूर्ण डेटाबेस एका साध्या फाईलमध्ये राहतो. ती फाईल विंडोजवरून मॅकवर नुसती कॉपी केली तरी जशीच्या तशी चालते, त्यामुळे आपला लॅपटॉप आणि आपल्या मुलाचा मॅक यांच्यातला प्रश्न आपोआप सुटतो. सध्याची फाईल-रचना २००४ पासून चालत आलेली आहे, त्या वेळच्या फाईली आजही उघडतात, आणि किमान २०५० पर्यंत हे सॉफ्टवेअर सांभाळण्याचा मानस त्याच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंच दीर्घकाळ जपण्यासाठी ज्या स्वरूपांची शिफारस केली आहे त्यांत एसक्यूलाइट आहे. शिवाय ते आपल्या घरात आधीपासूनच आहे : अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत ते आतून वापरलेले असते, फायरफॉक्स ब्राउझर आपले बुकमार्क त्यातच ठेवतो, ई-पुस्तकांचे कॅलिबर आणि संदर्भसूचीचे झोटेरो ही दोन्ही सॉफ्टवेअर आपला साठा एसक्यूलाइटच्या फाईलमध्येच करतात. इतक्या ठिकाणी रुजलेली गोष्ट एकाएकी नाहीशी होत नाही.

आता आपल्याला सुचवलेल्या पर्यायांविषयी. ॲक्सेस हे १९९२ पासूनचे, अनुभवाने पक्के झालेले सॉफ्टवेअर आहे, आणि प्रोग्रॅमिंग न शिकता फॉर्म व अहवाल तयार करण्याच्या बाबतीत घरगुती वापरासाठी त्याच्या तोडीचे फार थोडे आहे, हे मान्य करायला हवे. आपल्या मैत्रिणीचा सल्ला त्या अर्थाने चुकीचा नाही. फाईलला २ गिगाबाइटची मर्यादा आहे, पण पुस्तकांच्या यादीला तिथवर जायला कित्येक पिढ्या लागतील. मुखपृष्ठांची छायाचित्रे मात्र डेटाबेसमध्ये भरू नयेत, ती फोल्डरमध्ये ठेवून डेटाबेसमध्ये केवळ फाईलचे नाव लिहावे. ॲक्सेसची खरी अडचण ही की ते फक्त विंडोजवर चालते, मॅकसाठी ते नाहीच. ज्या घरात आजच दोन प्रकारचे संगणक आहेत आणि यादी पुढच्या पिढीकडे जायची आहे, तिथे ही अडचण मला निर्णायक वाटते. सर्वांकडे विंडोजच असते आणि छापील अहवाल वारंवार लागत असते, तर मी ॲक्सेसला हरकत घेतली नसती.

लिबरऑफिस बेसबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यात नवख्याला न दिसणारा एक धोका आहे. नवा डेटाबेस तयार करताना बेस जो पहिला पर्याय पुढे करते त्यात एचएसक्यूएलडीबी नावाचे इंजिन फाईलच्या आतच बसवलेले असते. बेसची ओडीबी ही फाईल म्हणजे प्रत्यक्षात झिप पद्धतीने बांधलेले एक गाठोडे असते. उघडताना त्यातली माहिती बाहेर काढली जाते आणि काम संपल्यावर पुन्हा आत बांधली जाते. मध्येच वीज गेली किंवा संगणक गोठला तर गाठोडे अर्धवट बांधलेले राहू शकते, आणि नोंदी गमावल्याच्या तक्रारी यातूनच येतात. या इंजिनासाठी जावा हे आणखी एक सॉफ्टवेअरही संगणकावर असावे लागते. म्हणून बेस वापरायचेच असेल तर ते केवळ पडद्यावरचे रूप म्हणून वापरावे आणि साठा बाहेरच्या इंजिनात ठेवावा. एसक्यूलाइटच्या फाईलला बेस ओडीबीसी ड्रायव्हर या दुवा साधणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या मदतीने जोडता येते. ही जोडणी एकदाच करावी लागते, पण तीत थोडी खटपट आहे. तिथे आपल्या मुलाची मदत घ्यावी. जोडणी झाल्यावर बेसचे फॉर्म वापरता येतात आणि फॉर्म बिघडला तरी साठा सुरक्षित राहतो.

पोस्टग्रेएसक्यूएलविषयी मला अतिशय आदर आहे. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेल्या प्रकल्पातून ते आले, आणि मोफत मिळणाऱ्या इंजिनांत त्याच्याइतके काटेकोर दुसरे क्वचितच असेल. पण ते सर्व्हर आहे. ते संगणकावर सतत चालू ठेवावे लागते, त्याला वापरकर्ते, पासवर्ड आणि परवानग्या लागतात, त्याच्या फाईली नुसत्या कॉपी करून बॅकअप होत नाही, तर वेगळी आज्ञा देऊन माहिती उतरवून घ्यावी लागते. त्याची मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते, म्हणजे ठरावीक काळाने नव्या आवृत्तीवर जाणे हे घरातले एक कायमचे काम होऊन बसते. अनेक माणसे वेगवेगळ्या संगणकांवरून एकाच वेळी नोंदी लिहीत असतील तर हे सगळे कष्ट सार्थकी लागतात. एका घरातल्या दोन माणसांसाठी ते ओझे ठरेल. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या तशाच सर्व्हर डेटाबेसनाही हेच लागू आहे. इंटरनेटवर चालणाऱ्या डेटाबेस सेवा सोप्या असतात, पण त्यांत यादी दुसऱ्याच्या संगणकावर आणि दुसऱ्याच्या अटींवर राहते, म्हणून आपल्या उद्देशासाठी मी त्यांचा विचार करणार नाही.

सॉफ्टवेअर ठरले तरी खरे काम त्यानंतर आहे, आणि ते कागदावर करायचे आहे. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला त्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत, आणि त्यातून निघालेली शिस्त आपल्या यादीला तंतोतंत लागू पडते : एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि इतरत्र तिचा केवळ निर्देश करावा. आपल्याकडे एका लेखकाचे नाव चार तऱ्हांनी पडले, कारण ते प्रत्येक पुस्तकासमोर नव्याने लिहिले गेले. म्हणून लेखकांचा एक वेगळा तक्ता करावा, त्यात प्रत्येक लेखक एकदाच यावा आणि त्याला एक ओळख क्रमांक मिळावा. पुस्तकांच्या तक्त्यात नाव, प्रकाशक, वर्ष, आयएसबीएन, विषय आणि कपाट राहील, पण लेखकाचा रकाना राहणार नाही. आपण ‘दुसरा लेखक’ असा रकाना केला आहे. एखादे पुस्तक तिघांनी लिहिलेले निघाले की तिसरा रकाना लागेल, आणि संपादित ग्रंथ आला की तोही अपुरा पडेल. त्याऐवजी पुस्तक आणि लेखक यांना जोडणारा तिसरा तक्ता करावा, ज्याच्या प्रत्येक ओळीत एका पुस्तकाचा क्रमांक, एका लेखकाचा क्रमांक आणि त्याची भूमिका, म्हणजे लेखक, संपादक की अनुवादक, एवढेच असेल. प्रथम हा तक्ता उगीचच वाढवल्यासारखा वाटतो. पण एका अनुवादकाची घरात असलेली सगळी पुस्तके एका क्षणात दिसतात तेव्हा त्याचे मोल कळते.

दिलेल्या पुस्तकांसाठीही असाच विचार करावा. आता आपल्याकडे ‘कोणाला दिले’ हा पुस्तकाच्याच ओळीतला रकाना आहे. पुस्तक परत आले की ते नाव पुसले जाते आणि मागचा सगळा इतिहास जातो. देवघेवीचा स्वतंत्र तक्ता केला, आणि त्यात पुस्तकाचा क्रमांक, नेणाऱ्याचा ओळख क्रमांक (नेणाऱ्यांच्या नावांचा तक्ताही लेखकांसारखाच वेगळा करावा), दिल्याची तारीख व परत आल्याची तारीख असे चार रकाने ठेवले, तर परतीची तारीख कोरी असणे हेच पुस्तक बाहेर असल्याचे चिन्ह होते. तीन महिन्यांहून अधिक काळ बाहेर असलेली पुस्तके कोणती, हा प्रश्न मग एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेतल्या तीन-चार ओळींत विचारता येतो, आणि एकदा लिहिलेला प्रश्न ‘व्ह्यू’ म्हणून साठवून ठेवला की पुढे तो केवळ उघडायचा असतो. आपल्याकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर पुस्तके आणि प्रती हेही वेगळे तक्ते करावे लागतील. तशा प्रती मोजक्याच असतील तर हा विस्तार टाळावा आणि दुसऱ्या प्रतीची स्वतंत्र नोंद करून मोकळे व्हावे. शास्त्रशुद्धतेपायी नोंदी भरण्याचा कंटाळा यावा, इतके तक्ते घरच्या कामात करू नयेत. मासिकांच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे.

एसक्यूलाइटच्या दोन सवयी माहीत नसतील तर त्या पुढे त्रास देतात. रकान्याचा प्रकार संख्या असा ठरवला तरी त्यात मजकूर लिहिलेला ते मुकाट्याने स्वीकारते; वर्षाच्या रकान्यात देवनागरी आकडे टाइप केले तर त्याच्या लेखी तो मजकूरच असतो आणि वर्षांची तुलना चुकते. म्हणून साठ्यातले आकडे सर्वत्र इंग्रजी पद्धतीचेच ठेवावेत. २०२१ पासून ‘स्ट्रिक्ट’ या प्रकारचे काटेकोर तक्ते करता येतात, ते आपण सुरुवातीपासूनच करावेत. आयएसबीएनचा रकाना मात्र मजकूर म्हणूनच ठेवावा, म्हणजे आरंभीची शून्ये टिकतील. तारखेसाठी एसक्यूलाइटमध्ये वेगळा प्रकार नाही. आधी वर्ष, मग दोन आकडी महिना, मग दोन आकडी दिवस अशा क्रमाने ती मजकूर म्हणून लिहिली की तिची तुलना आणि क्रमवारी बरोबर होते. दुसरी सवय अशी की, अस्तित्वात नसलेल्या लेखकाचा क्रमांक जोडतक्त्यात लिहू न देणारी ‘फॉरेन की’ची तपासणी एसक्यूलाइट आपण सांगितल्याशिवाय करत नाही. डीबी ब्राउझरमध्ये ‘एडिट प्राग्मा’ या पानावर ती चालू आहे ना, हे पाहून घ्यावे. तसेच तिथे केलेले बदल ‘राइट चेंजेस’ हे बटण दाबल्यावरच फाईलमध्ये जातात. विचारल्याशिवाय काहीही कायम होत नाही ही सोय शिकणाऱ्याला फार उपयोगी पडते, पण बटण दाबायची सवय लावून घ्यावी लागते.

आपली यादी मराठीत आहे, म्हणून लिपीशी निगडित एक गोष्ट इथेच सांगणे आवश्यक आहे. डोळ्यांना एकसारखे दिसणारे काही शब्द संगणकाला वेगळे दिसतात. ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ स्वतंत्र चिन्ह वापरून लिहिता येतो, आणि साध्या र ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. ‘ॲरिस्टॉटल’मधला पहिला वर्णही एका चिन्हाने किंवा अ व चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिला जातो. एका कीबोर्डवरून भरलेली नोंद दुसऱ्या कीबोर्डवरून शोधली तर ती सापडत नाही, आणि माणूस पुस्तकच नाही असे समजतो. यादी भरणाऱ्या दोघांनी एकच कीबोर्ड वापरावा आणि अशा अक्षरांचे एकच रूप ठरवून घ्यावे. काही जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलाव्यात, कारण संगणकाच्या लेखी ती केवळ विस्कळीत रोमन अक्षरे असतात. क्रमवारीचा प्रश्न त्यामानाने लहान आहे. एसक्यूलाइट अक्षरे युनिकोडच्या क्रमांकाने लावते आणि तिथे ळ हा ल नंतर लगेच येतो, त्यामुळे ‘कळप’ हा शब्द ‘कविता’च्या आधी लागतो; आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतरचा आहे. ४,००० पुस्तकांच्या यादीत एवढा फरक खपवून घ्यावा, शोध मात्र अचूक असावा.

बॅकअपसाठी एसक्यूलाइटइतके सोपे साधन नाही : सॉफ्टवेअर बंद करावे आणि फाईल कॉपी करावी. फाईल उघडी असताना मात्र ती कॉपी करू नये. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, विश्वासातल्या कोणाकडे किंवा क्लाउडवर, असावी. घरातल्या दोन संगणकांवर यादी हवी म्हणून तीच फाईल क्लाउडच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवण्याचा मोह होतो. तसे केले तर एका वेळी एकाच संगणकावर ती उघडण्याचा नियम कसोशीने पाळावा, कारण दोन्हीकडे एकाच वेळी लिहिले गेले तर दोन वेगवेगळ्या प्रती तयार होतात आणि कोणती खरी हे ठरवणे कठीण जाते. वर्षातून एकदा प्रत्येक तक्ता सीएसव्ही फाईल म्हणूनही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या रूपात, काढून ठेवावा आणि सोबत कोणत्या तक्त्यात काय आहे, कोणता क्रमांक कशाला जोडला आहे, हे सांगणारा एक पानाचा मजकूर लिहून ठेवावा. आपल्यानंतर ही यादी ज्याच्या हाती येईल त्याला या पानाचा उपयोग कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा अधिक होईल. पुस्तके नेणाऱ्यांचे फोन नंबर मात्र यादीत ठेवू नयेत असे मी सुचवीन. एसक्यूलाइटची साधी फाईल ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येते; तिला पासवर्डने बंद करण्याच्या सोयी आहेत, पण पासवर्ड हरवला तर यादीच हरवेल. नंबर तसेही आपल्या मोबाइलमध्ये असतात, यादीत नाव पुरे.

सुरुवात एक्सेलमध्येच करावी. मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवून लेखकांच्या रकान्यातली नावे एका लेखकाला एकच लेखन अशा रीतीने दुरुस्त करावीत. आद्याक्षरांनंतर टिंब द्यायचे की नाही, आडनाव आधी की नंतर, हे एकदाच ठरवावे आणि मग त्यापासून हटू नये. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते इथे केले तर पुढचे सगळे सुकर होते, आणि लेखकांचा रकाना वेगळ्या पानावर कॉपी करून तिथे ‘डुप्लिकेट काढा’ ही एक्सेलची सोय वापरली की नावांची किती वेगवेगळी रूपे पडली आहेत ते दिसते. मूळ यादीवर ती वापरू नये. नंतर यादी साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा, कारण नुसते ‘सीएसव्ही’ निवडले तर सगळी देवनागरी अक्षरे प्रश्नचिन्हे होऊन जातील. ती फाईल डीबी ब्राउझरमध्ये आयात करावी, आणि सगळी पुस्तके एकदम तक्त्यांत वाटून टाकण्याऐवजी आधी एका कपाटापुरत्या नोंदी नव्या रचनेत बसवाव्यात. तक्त्यांत काय राहून गेले आणि काय उगीच घेतले, ते त्या एका कपाटातच ध्यानात येते, आणि तेव्हा रचना बदलणे अर्ध्या तासाचे काम असते.